जुन्या संगणकाचे दप्तर

हिंजवडीची संगणकनगरी ज्या मुळशी तालुक्यात वसली, त्याच तालुक्यातील रिहे गावी, जेथे पावसाळ्यात कपाटातले कागदही सर्द होतात, एखाद्या घराच्या माळ्यावर नव्वदीच्या दशकातील ४८६ जातीचा संगणक पडून असेल, तर तो भंगारात घालण्याची घाई करू नये. त्याच्या चिपांत हलणारा भाग नसल्यामुळे त्या बहुधा शाबूत असतात; हार्ड डिस्कच्या तबकड्या मात्र मिनिटास हजारो फेरे घेणाऱ्या, त्यामुळे वंगण आटणे वा वाचणारे टोक तबकडीस चिकटणे हे वयोमानाने व्हायचेच.

पेटी उघडताच प्रथम बॅटरी पाहावी. त्या काळच्या पुष्कळ मदरबोर्डांवर डाख देऊन बसविलेली निकेल-कॅडमियमची बॅटरी असे. ती पाझरली की तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. ती काढावी, आणि डिस्कवरील चिठ्ठीत छापलेले सिलिंडर, हेड व सेक्टर यांचे आकडे टिपून ठेवावेत, कारण बॅटरीबरोबर बायोसमधील ही नोंदही पुसली जाते.

त्यानंतरचे काम नकलेचे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे तेच. त्याचे कारण जुन्या मराठी मजकुराच्या संकेतांत आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संगणक-संशोधन संस्था स्थापन झाली, आणि तिच्या जिस्ट कार्डामुळे डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटू लागली; १९९१ मध्ये इस्की संकेतप्रणाली भारतीय मानक म्हणून मान्य झाली. परंतु पुढे विंडोजवर जे नाना फाँट आले, त्यांचे संकेत निरनिराळे असल्याने, त्या काळी टंकलिखित केलेले सोसायटीचे इतिवृत्त किंवा एखाद्या शिक्षकाचे लेखन आजच्या संगणकावर निरर्थक चिन्हांची रांग होऊन उभे राहते. ते मूळ फाँट व प्रणाली यांसह उतरवले, तरच त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर निर्धास्तपणे करता येते. म्हणून मजकुरासह सारी डिस्कच नकलावी. यूएसबीचे पुष्कळ जोडणी-संच अतिजुन्या डिस्का ओळखीत नाहीत. अशा वेळी नवी डिस्क त्याच यंत्रात ‘स्लेव्ह’ म्हणून लावून नक्कल करणे श्रेयस्कर.

नव्या डिस्कची निवड करताना जुन्या बायोसची मर्यादा आड येते. १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरात ५१२ बाइट, असा गुणाकार केला की ५२,८४,८२,३०४ बाइट होतात. त्यापलीकडील जागा अनेक जुनी यंत्रे जाणतच नाहीत. मला विचाराल तर अशा यंत्रास ५१२ मेगाबाइटांचे कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड उत्तम. ते जात्याच आयडीईची भाषा बोलत असल्याने चाळीस पिनांचा साधा अडॅप्टर पुरतो, आणि फिरणारे काहीच नसल्याने झिजण्याजोगा धुरा उरत नाही. केबलीची लाल कडा एक क्रमांकाच्या पिनेकडे ठेवावी, नवी डिस्क एकटीच राहावयाची असल्यास जंपर ‘मास्टर’वर आणावा, टिपलेल्या आकड्यांच्या जागी नव्या कार्डाचे आकडे बायोसमध्ये भरावेत, एफडिस्कने विभाग पाडून तो सक्रिय करावा, व ‘फॉरमॅट’ करताना ‘एस’ हा पर्याय देऊन डॉस उतरवावा. जुनी डिस्क मात्र, नक्कल उघडून पडताळेपर्यंत, पुसू नये आणि कोणास देऊही नये.