मॅकवर टॅली चालेल काय?

उल्हासनगरच्या कापड बाजारापासून अंबरनाथ-बदलापूरपर्यंत आपल्या बऱ्याच व्यापारी बांधवांचा हिशोब टॅलीवर असतो. मुलगा शिक्षणासाठी मॅक घेतो, मग प्रश्न येतो की दुकानाचे खातेही त्यावर ठेवावे काय? टॅली विंडोजसाठी बनलेली आहे. मॅकवर ती थेट बसत नाही.

2006 पासूनच्या इंटेल चिपच्या मॅकमध्ये 'बूट कॅम्प'ने विंडोज टाकता येते. नोव्हेंबर 2020 पासून आलेल्या ॲपलच्या एम चिपच्या मॅकमध्ये ही सोय नाही. तेथे 'पॅरलल्स' घेऊन आत विंडोज 11 ची एआरएम आवृत्ती चालवावी लागते. मायक्रोसॉफ्टने 2023 मध्ये यास मान्यता दिली. परंतु दोन्हींचे परवाने विकत घ्यावे लागतात. शिवाय बिलाचा जुना प्रिंटर किंवा डिजिटल सहीचा टोकन अडू शकतो, कारण एआरएमसाठी त्यांचा ड्रायव्हर असेलच असे नाही. जीएसटी भरण्याच्या शेवटच्या दिवशी हे कळले तर नुकसान आपलेच.

आमचा सल्ला असा: दुकानात विंडोज प्रो असलेला साधा संगणक ठेवावा आणि जाणकाराकडून सुरक्षित जोडणी करवून तो घरच्या मॅकवरून 'रिमोट डेस्कटॉप'ने पाहावा. चोरीची प्रत वापरू नये, बॅकअप रोज घ्यावा. उधारी लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. वही बदलली तरी हुकूम तोच.