मॅलाहाइडच्या स्मशानात लज्जागौरी नाही

डब्लिनच्या उत्तरेला मॅलाहाइडचा किल्ला आहे. लागूनच क्रिकेटचं मैदान. 2018 मध्ये रोहित शर्माने आयर्लंडविरुद्ध 97 धावा केल्या त्या इथेच. सामन्याला किंवा सुटीच्या दिवशी सहलीला गेलेली आपली मंडळी किल्ल्याशेजारच्या जुन्या स्मशानभूमीत डोकावतात. तिथे छप्पर उडालेलं एक चर्च उभं आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर पाय फाकवून बसलेली एक झिजलेली स्त्रीमूर्ती आहे. तिचा फोटो निघतो आणि सोबत मजकूर फिरू लागतो: ‘ही आपली लज्जागौरी! नावसुद्धा शीला!’

हे मी इतक्यांदा वाचलं आहे की आता स्पष्टच लिहितो. ही लज्जागौरी नाही.

अशा मूर्तींना तिकडे ‘शीला-ना-गिग’ म्हणतात. शीला हे सिसिलिया या ख्रिस्ती नावाचं आयरिश रूप. संस्कृतशी त्याचा संबंध नाही. मूर्तीसाठी हे नाव लेखी सापडतं तेसुद्धा 1840 च्या सुमारास.

मुळात मूर्ती नीट पाहा ना! तेर, भोकरदन, नेवासे इथे सापडलेल्या लज्जागौरी बहुधा शिरोहीन, किंवा डोक्याच्या जागी कमळ असलेल्या. देह भरलेला, सुफलतेचा. त्यांचा काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकांचा. शीलाचं तर डोकंच मोठं आणि टकलं, डोळे वटारलेले, कित्येकदा बरगड्या दिसणाऱ्या. आयर्लंडमध्ये अशा शंभरावर मूर्तींची नोंद आहे आणि त्या बाराव्या शतकापासून पुढच्या चर्चांवर, किल्ल्यांवर, गावकुसाच्या भिंतींवर आहेत. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ लिहिताना एकेका पुराव्यासाठी केवढे कष्ट घेतले! आपण निव्वळ बसण्याच्या ढबीवरून नातं जुळवायचं, हे त्या अभ्यासावर अन्याय करणारं आहे.

‘मग ती ख्रिस्तपूर्व केल्टिक देवी असेल,’ हा पुढचा आग्रह. त्यालाही आधार तोकडा. अँथनी वीअर आणि जेम्स जर्मन यांनी 1986 मध्ये तिचे सख्खे नातलग फ्रान्स-स्पेनच्या मध्ययुगीन चर्चांवर दाखवले. त्यांच्या मते हा वासनेविरुद्धचा इशारा. बार्बरा फ्रायटाग यांना ती बाळंतिणींना तारणारी लोकदेवता वाटते. वाद अर्थाचा आहे. दगड मध्ययुगीनच आहेत.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. या चर्चला ‘ॲबी’ म्हणत असले तरी इथे मठ नव्हता. कवटी आणि हाडांची फुली असलेल्या जुन्या थडग्यांखाली समुद्री चाचे नसतात. ‘तुलाही मरायचं आहे’ एवढंच ते चिन्ह सांगतं. चर्चमध्ये जिचा दगडी पुतळा पहुडला आहे ती मॉड प्लंकेट लग्नाच्याच दिवशी विधवा झाली, ही कथा जेराल्ड ग्रिफिनच्या पोवाड्याने गाजवली. पण तिने जन्मभर शोक केला नाही. मॅलाहाइडच्या रिचर्ड टॅलबटशी आणि नंतर न्यायाधीश जॉन कॉर्नवॉल्शशी तिने संसार केला.

डब्लिनमध्ये राहत असाल तर किल्डेअर स्ट्रीटच्या राष्ट्रीय संग्रहालयात जा. तिथे शीला जवळून दिसते, प्रवेशाला पैसे पडत नाहीत. गावी आलात की तेरचं संग्रहालयही पाहा. तोवर तो मजकूर कृपा करून पुढे पाठवू नका.