नॉर्मल ईसीजी आणि अनियमित नाडी

छातीतील धडधड थांबल्यानंतर दवाखान्यात जाऊन काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे हृदयाच्या लयीत दोष नाही, हा या विकारांविषयीचा सर्वांत दृढ आणि बहुधा सर्वांत घातक गैरसमज आहे. ईसीजी म्हणजे हृदयातील विद्युत्प्रवाहाचा आलेख. तो व्यवहारात आणल्याबद्दल विलेम आइन्थोवेन यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र नेहमीच्या ईसीजीत सेकंदाला २५ मिलिमीटर सरकणाऱ्या कागदावर जेमतेम दहा सेकंदांची नोंद होते, तर हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके देते आणि लयीचा बिघाड पुष्कळदा काही मिनिटांपुरता येऊन आपोआप ओसरतो. काही जन्मजात विद्युतदोष शांत वेळच्या आलेखातही दिसतात, म्हणून ही तपासणी निरर्थक ठरत नाही. पण तिची ग्वाही मुख्यतः त्या दहा सेकंदांपुरतीच असते. म्हणूनच रोज त्रास होणाऱ्या रुग्णाला २४ ते ४८ तास अखंड नोंद ठेवणारे होल्टर यंत्र लावतात, आणि महिन्यातून एखाद्या वेळीच भोवळ येत असेल तर होल्टरही काही न सापडता परत येऊ शकत असल्याने, कधीकधी त्वचेखाली वर्षानुवर्षे राहणारा लूप रेकॉर्डर बसवावा लागतो.

लय बिघडली तर ती जाणवेलच, हा समजही तितकाच चुकीचा आहे. ॲट्रियल फिब्रिलेशन या विकारात हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजे अलिंदे, नीट आकुंचन पावण्याऐवजी मिनिटाला ३५० ते ६०० या वेगाने नुसती थरथरतात, त्यामुळे डाव्या अलिंदाच्या पिशवीसारख्या भागात रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होतो. अनेकांना तोवर कसलेही लक्षण जाणवलेले नसते, ही यातली खरी चिंतेची बाब आहे.

या विकाराचा पहिला सुगावा मनगटावरही लागू शकतो. अंगठ्याच्या मुळाखाली दोन बोटे ठेवून नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. पंधरा सेकंद मोजून चारने गुणल्यास अनियमितता हातातून निसटते. मूळ ठेका स्थिर असून मधूनच एखादा ठोका चुकत असेल तर ते बहुधा अवेळी पडलेले जादा स्पंदन असते, आणि निरोगी तरुणांत श्वास घेताना नाडी किंचित जलद व सोडताना मंद होणे हे तर स्वाभाविकच आहे. परंतु कोणत्याही दोन ठोक्यांमधले अंतर सारखे लागत नसेल तर ईसीजी काढलाच पाहिजे. फिब्रिलेशनमध्ये काही ठोके इतके दुबळे असतात की ते मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत, त्यामुळे छातीवर स्टेथोस्कोपने १३० ठोके मोजले जात असताना नाडी १०० च भरू शकते; बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरील आकडा पाहून निश्चिंत होणे म्हणूनच योग्य नाही.

स्मार्ट घड्याळाचा इशारा म्हणजे निदान, असेही मानले जाते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चार लाखांहून अधिक लोकांच्या ॲपल हार्ट अभ्यासात इशारा मिळाल्यावर ज्यांनी नोंदपट्टी लावून परत पाठवली, त्यांच्यापैकी सुमारे ३४ टक्क्यांतच फिब्रिलेशन सापडले. उरलेल्यांचे इशारे खोटेच होते असेही त्यावरून ठरत नाही, कारण येऊन-जाऊन असणारा विकार नोंदीच्या दिवसांत प्रकटला नसण्याचीही शक्यता असते. निदानासाठी किमान ३० सेकंदांचा आलेख डॉक्टरांनी वाचावा लागतो.

‘टू-डी इको’ हृदयाची रचना आणि आकुंचन दाखवते, लयीचा विकार हुडकण्याचे ते साधन नव्हे. मात्र निदान झाल्यावर ते अत्यावश्यक ठरते. भारतात लहानपणच्या संधिवातज्वरामुळे डावीकडील मायट्रल झडप अरुंद झालेले रुग्ण आजही आढळतात, आणि झडप बऱ्यापैकी अरुंद असेल तर गुठळी रोखण्यासाठी नव्या गोळ्यांऐवजी वॉरफरिनसारखे जुने औषध, नियमित रक्ततपासणीसह, द्यावे लागते. या कामी ॲस्पिरिन पुरेसे नाही.