काचेआडचा पिंगळा आणि त्याच्या पायातली चिठ्ठी

अकोल्याच्या शाळेची सहल नागपूरला निघाली, की यादीत ‘अजब बंगला’ असतोच. कागदोपत्री त्याचे नाव मध्यवर्ती संग्रहालय. स्थापना १८६३ सालची. पण लोकांनी त्याला अजब बंगलाच म्हटले, आणि मुलेही तिथे अजब काहीतरी पाहायलाच जातात. प्राणी-पक्ष्यांच्या दालनात शिरल्याबरोबर प्रश्न सुरू होतात. “सर, हा खरा आहे का?” “याचे डोळे खरे आहेत?” “बाई, याला मारलं कोणी?” आणि बहुतेक वेळा आपले उत्तर ठरलेले असते: “चला, पुढे चला. गाडीची वेळ झाली.”

खरे तर या तीन प्रश्नांत संग्रहालयाचे सगळे मर्म आहे. मुले पुढे सरकण्याआधी आपण तिथेच थांबलो तर काय हाती लागेल, ते पाहू.

खरे किती, केलेले किती?

काचेच्या कपाटात बसलेल्या पक्ष्याची कातडी, पिसे, चोच आणि पाय बहुधा खरे असतात. आतले मांस काढून टाकलेले असते. त्या जागी तारेचा सांगाडा आणि भरण असते. डोळे काचेचे असतात, कारण खरा डोळा टिकत नाही. पक्षी ज्या फांदीवर बसवलेला असतो, तिची पाने बहुधा कृत्रिम असतात. म्हणजे पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर “काही खरे, काही केलेले” असे आहे. कोणते खरे आणि कोणते केलेले, हे मुलांनाच शोधू द्यावे.

पण संग्रहालयात याखेरीज दुसऱ्या प्रकारचे नमुने असतात, ते सहसा आपल्याला दिसत नाहीत. हे अभ्यासासाठी ठेवलेले पक्षी. ते फांदीवर बसवलेले नसतात. कपाटातल्या उथळ खणांत ओळीने उताणे निजवलेले असतात. डोळ्यांच्या जागी नुसता कापूस असतो. प्रत्येकाच्या पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असते. तिच्यावर पक्ष्याचे नाव, तो कुठे मिळाला, कोणत्या तारखेला आणि कोणी मिळवला, एवढेच लिहिलेले असते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे असे लाखाहून अधिक नमुने आहेत. ही संस्था १८८३ सालची. तिच्याच सहकार्याने मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविज्ञान विभाग उभा राहिला.

दिसायला केविलवाणे असे हे उताणे पक्षी आणि त्यांच्या पायातल्या चिठ्ठ्या कशासाठी जपायच्या? याचे उत्तर आपल्या शेजारच्याच एका पक्ष्याच्या गोष्टीत आहे.

हरवलेला रानपिंगळा

पिंगळा आपल्या ओळखीचा आहे. गावाकडच्या जुन्या आंब्याच्या किंवा वडाच्या ढोलीत राहणारे, तिन्हीसांजेला किचकिचणारे हे छोटे घुबड. याचा एक भाऊबंद आहे, रानपिंगळा. १८७२ साली ब्लूइट नावाच्या इंग्रजाला आजच्या छत्तीसगडात हा पक्षी मिळाला, आणि १८७३ साली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्याला ब्लूइटचे नाव दिले. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. ते मोठे पक्षीतज्ज्ञ होते, हे इतिहासाच्या तासाला सांगायचे राहून जाते.

पुढच्या काही वर्षांत आणखी मोजके नमुने मिळाले. त्यांतले बरेचसे जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात गोळा केलेले होते. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणालाच मिळेना. जगातल्या सगळ्या संग्रहालयांत मिळून सात रानपिंगळे होते, आणि जिवंत एकही कोणाच्या पाहण्यात नव्हता.

या सातांपैकी एकाच्या चिठ्ठीवरची तारीख मात्र बरीच अलीकडची होती: १९१४, ठिकाण गुजरातेतले मांडवी. मिळवणारा होता कर्नल रिचर्ड माइनर्ट्सहागेन. फौजी अधिकारी आणि नावाजलेला पक्षीसंग्राहक. शेवटची नोंद हीच म्हटल्यावर शोध घेणाऱ्यांचे लक्ष साहजिकच मांडवीकडे लागले. तिथे रानपिंगळा काही सापडला नाही. सलीम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ली यांच्यासारख्या जाणत्यांनाही तो सापडला नाही. पक्षी नामशेष झाला असावा, असे अनेकांना वाटू लागले.

खोटी चिठ्ठी

१९९०च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ दक्षिण आशियातील पक्ष्यांवरच्या ग्रंथासाठी जुने नमुने तपासत होत्या. माइनर्ट्सहागेनच्या संग्रहाविषयी आधीपासूनच कुजबुज होती. त्यांनी आणि नायजेल कॉलर यांनी १९१४चा तो रानपिंगळा बारकाईने पाहिला, त्याची क्ष-किरण छायाचित्रे काढली. पक्ष्याची कातडी कशी काढायची, कशी भरायची, कशी शिवायची, यात प्रत्येक संग्राहकाचा हात वेगळा असतो. शिंप्याची शिवण ओळखू यावी, तसेच हे. या पक्ष्याचे भरण काढून पुन्हा भरलेले होते, पण खाली जुन्या हाताच्या खुणा शिल्लक होत्या. तो हात डेव्हिडसनचा होता.

म्हणजे हा पक्षी मांडवीचा नव्हताच आणि १९१४चाही नव्हता. डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेला पक्षी लंडनच्या संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, त्याला नवी चिठ्ठी बांधलेली होती. रासमुसेन आणि कॉलर यांनी हे सारे पुराव्यानिशी १९९९ साली प्रसिद्ध केले.

इथे मुलांना थांबवून एक प्रश्न विचारावा. चोरी झाली, तरी पक्षी संग्रहालयातच आहे. मग नुकसान ते काय झाले? नुकसान चिठ्ठीचे झाले. एका खोट्या पत्त्यामुळे माणसे चुकीच्या रानात हिंडली.

खऱ्या चिठ्ठ्यांचा माग

हा पत्ता बाजूला ठेवल्यावर उरले ते खरे पत्ते. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे १९९७च्या नोव्हेंबरात त्या पत्त्यांवर निघाले. आधी पूर्वेकडे शोध घेतला. तिथे काही मिळाले नाही. मग ते खानदेशात, डेव्हिडसनच्या मुलखात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी.

तो साधा पिंगळा नाही, हे त्यांनी ओळखले कशावरून? तेही संग्रहालयातल्या उताण्या पक्ष्यांवरूनच. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे. छातीचा तपकिरी रंग अधिक सलग, शेपटीवरचे पट्टे अधिक ठसठशीत, चोच आणि पाय अधिक दणकट. खणांतले नमुने शेजारी ठेवून हे फरक त्यांनी आधीच पाठ केले होते.

पुढे सातपुड्याच्या रांगेत आणखी ठिकाणी रानपिंगळा सापडला. त्यात आपल्या अमरावती-अकोल्याच्या उत्तरेचा मेळघाटही आहे, आणि आज तो या पक्ष्याचा मोठा आसरा मानला जातो. आंतरराष्ट्रीय यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ होता. नव्या जागा सापडत गेल्यावर २०१८ साली तो ‘संकटग्रस्त’ गटात आला. ज्या पक्ष्याला जग संपला म्हणत होते, तो नरनाळ्याच्या डोंगररांगेतच आपल्याला शेजारी होता.

एक गोष्ट मात्र त्या सातही नमुन्यांनी कोणाला सांगितली नव्हती. हा पिंगळा दिवसाढवळ्या शिकार करतो आणि त्याची साद साध्या पिंगळ्यापेक्षा वेगळी आहे, हे जिवंत पक्षी सापडल्यावरच नीट कळले. चिठ्ठी पत्ता सांगते. त्या पत्त्यावर जावे आपल्यालाच लागते.

तारखेची किंमत

चिठ्ठीवरच्या तारखेचेही असेच. इंग्लंडमध्ये पूर्वी पक्ष्यांची अंडी जमवायचा छंद होता. डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञाने असे जुने संग्रह काढून बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचे तोलली. १९४७च्या सुमारापासून कवचे एकदम पातळ झालेली दिसली. डीडीटीचा वापर वाढला तो हाच काळ. १९६७ साली त्याने हे मांडले. अंडी जमवणाऱ्यांच्या मनात कीटकनाशकांचा विचारही नव्हता. पण त्यांनी तारखा लिहून ठेवल्या होत्या, म्हणून पुढच्या पिढीला उत्तर मिळाले.

आता तिसरा प्रश्न: “याला मारलं कोणी?” हो, यांतले बरेच पक्षी माणसांनी मारले. हे मुलांपासून लपवू नये. दुर्बीण आणि कॅमेरा सर्रास नव्हते, तेव्हाची ती रीत होती. आज बहुतेक प्रश्नांसाठी तसे करावे लागत नाही. पण मारलेल्या पक्ष्याची चिठ्ठी हरवली, तर त्याचा जीव फुकट गेला, एवढे नक्की.

वर्गातला प्रयोग

सहलीआधी आठवडाभर हा प्रयोग करून पाहा. पळसाचे फूल, बाभळीची शेंग, कपाशीचे फुटलेले बोंड, काळा दगड अशा वस्तू मुलांना आणायला सांगा. प्रत्येकीला चिठ्ठी बांधा: काय, कुठे, केव्हा, कोणी. मग मुले बाहेर असताना दोन-तीन चिठ्ठ्या खोट्या करा आणि वर्गाला त्या ओळखायला सांगा.

पळसाच्या फुलाला ‘ऑगस्ट’ लिहाल तर मुले लगेच पकडतील, कारण पळस फुलतो शिमग्याच्या सुमारास. वस्तूच चिठ्ठीविरुद्ध साक्ष देते. पण अकोल्याच्या काळ्या दगडाला ‘पुणे’ लिहा. कोणालाही सांगता येणार नाही, कारण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट दोन्हीकडे आहे आणि नुसत्या डोळ्यांना तो सारखाच दिसतो. काही खोट्या चिठ्ठ्या उघड्या पडतात, काही कायमच्या लपून राहतात. म्हणून लिहितानाच खरे लिहायचे.

मग संग्रहालयात गेल्यावर सगळे पाहण्याचा हट्ट सोडा. तीन-चार मुलांच्या गटाने एकच नमुना निवडावा आणि अर्धा तास त्याच्यापाशी घालवावा. खरे काय, केलेले काय? पाटीवर ठिकाण आणि तारीख आहे का? नसेल तर पाटीवर काय हवे होते? हा प्राणी आपल्या जिल्ह्यात आहे का? शेजारच्या त्याच्यासारख्याशी तुलना केली तर कोणते तीन फरक दिसतात? नमुना काय सांगू शकत नाही? नागपूरला जाणे जमले नाही, तर जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागातले कपाट किंवा मेळघाटात सेमाडोहचे निसर्ग माहिती केंद्रही चालेल. मात्र उघड्यावरच्या जुन्या नमुन्यांना हात लावू देऊ नये. ते टिकवायला पूर्वी सोमल, म्हणजे आर्सेनिक, वापरत असत.

परत आल्यावर शाळेची एक पेटी सुरू करता येईल. पक्षी, अंडी, घरटी त्यात नकोत. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि त्यांची गरजही नाही. गळलेली पाने, बिया, शेंगा, दगड, मातीचे नमुने, गावातल्या जुन्या बियाण्यांची वाणे पुरेत. शाळेच्या आवारातल्या पळसाचे पहिले फूल दरवर्षी वाळवून, तारीख घालून ठेवा. पहिल्या वर्षी ते नुसते फूल असेल. वीस वर्षांनी तुमच्या शाळेतल्या एखाद्या मुलीला विचारावेसे वाटेल, की अकोल्यात पळस आता लवकर फुलतो का. तिचे उत्तर त्या पेटीत असेल. चिठ्ठी मात्र पेनाने लिहू नका, शाई फिकी पडते; पेन्सिलने लिहा.