तमाशातल्या पहिल्या बाई

मुलांनो, जत्रेत तमाशाचा तंबू तुम्ही पाहिला असेल. ढोलकी वाजली की लांबूनच कळते. तमाशात आधी गण होतो. गण म्हणजे गणपतीचे गाणे. मग गवळण. तिच्यात कृष्ण, पेंद्या, गवळणी आणि मावशी असतात. मग लावण्या आणि शेवटी वग. वग म्हणजे नाटकासारखी गोष्ट. वगातले बोलणे पूर्वी कागदावर लिहीत नसत. उभ्या उभ्या सुचेल तसे बोलायचे.

पण फार पूर्वी तमाशात बायका नव्हत्या. मग गवळणी कोण व्हायचं? पोरंच! अंगाने बारीक, गळ्याने गोड असा पोरगा लुगडं नेसून आणि पायात चाळ बांधून नाचायचा. त्याला नाच्या पोऱ्या म्हणत.

ही रीत मोडली पवळाबाई हिवरगावकर यांनी. त्या आपल्याच जिल्ह्यातल्या. संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा हे त्यांचे गाव. त्यांचा जन्म सन १८७० मध्ये महार समाजात झाला. लहानपणी त्यांना खंडोबाला वाहिले होते, असे सांगतात. अशा मुलीला मुरळी म्हणत. आता ही चाल कायद्याने बंद आहे. पुढे पवळाबाई तमाशाच्या बोर्डावर उभ्या राहिल्या. तमाशातल्या त्या पहिल्या बाई, असे मानतात. लोक त्यांना नामचंद पवळा म्हणू लागले.

त्यांचे नाव शाहीर पठ्ठे बापूराव यांच्याबरोबर घेतात. बापूरावांचे खरे नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ते सांगली जिल्ह्यातील रेठरे हरणाक्षचे. ते ब्राह्मण होते. तमाशासाठी त्यांनी घरदार आणि कुलकर्णीपण सोडले. त्या काळी लई शिवाशिव होती. एका विहिरीवर पाणी भरू देत नसत. तरी ही दोघं एका बोर्डावर उभी राहिली. बापूराव लावणी रचायचे आणि पवळाबाई ती गाऊन, नाचून, अदा करून दाखवायच्या. नुसत्या कागदावरची लावणी लोकांना कळली असती का? ती पवळाबाईंमुळे कळली.

बापूरावांचा मिठाराणीचा वग फार गाजला. कोल्हापूरला शाहू महाराजांच्या राजवाड्यातसुद्धा तो झाला होता.

पवळाबाई १९३९ साली वारल्या. पण त्यांनी उघडलेली वाट बंद झाली नाही. पुढे संगमनेरच्याच कांताबाई सातारकर यांनी तर वगात शिवाजी महाराजांचे काम केले! आधी पोरगे बाई होत, नंतर बाई राजा झाली. आणि एक गंमत पाहा. गवळणीतली मावशी मात्र अजून पुरुषच होतो.

काही मोठी माणसं "तमाशातली बाई" असे नाक मुरडून बोलतात. तमाशा बघायला मात्र तीच पुढे बसतात. शाळेत आपण शिकवणाऱ्या बाईंना मानाने बाई म्हणतो. त्याच मानाने मी इथे पवळाबाई असे लिहिले आहे. तुम्ही पण तसेच म्हणा.

— इयत्ता ४ थी