बुद्धीची व्याख्या करायची कशी?

‘व्याख्या लिहा’ हा प्रश्न आपल्या प्रश्नपत्रिकेत हमखास असतो. घनता, वेग, मूलद्रव्य यांच्या व्याख्या मुले पाठ करतात आणि गुण मिळवतात. त्यामुळे व्याख्या ही कोणीतरी फार पूर्वी ठरवून ठेवलेली, वादातीत गोष्ट असते, असा मुलांचा समज होतो. प्रत्यक्षात मात्र विज्ञानात व्याख्या घडवाव्या लागतात, तपासाव्या लागतात आणि प्रसंगी बदलाव्याही लागतात. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे खगोलशास्त्रज्ञांनी मतदान करून ‘ग्रह’ या शब्दाची व्याख्या ठरवली आणि प्लूटो ग्रहांच्या यादीतून बाहेर पडला. प्लूटो होता तिथेच होता, बदलली ती व्याख्या.

ग्रहाची ही कथा, तर बुद्धीची काय असेल? ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा शब्द आज वर्तमानपत्रापासून जाहिरातीपर्यंत सगळीकडे दिसतो. पण कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे नेमके काय, यावर त्या क्षेत्रातल्या तज्ज्ञांचेही एकमत नाही. हे एकमत घडवण्यासाठी संशोधकांनी एकत्र येऊन जो खटाटोप केला, त्याची ओळख आपण या लेखात करून घेऊ.

या शब्दाचा जन्म १९५५ सालचा. जॉन मॅकार्थी, मार्विन मिन्स्की, नॅथनिएल रॉचेस्टर आणि क्लॉड शॅनन या चौघांनी अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात पुढच्या उन्हाळ्यात भरवायच्या अभ्यासवर्गाचा प्रस्ताव लिहिला, त्यात तो प्रथम आला. माणसाने केले तर ज्याला आपण बुद्धीचे काम म्हणू, ते यंत्राकडून करवून घ्यायचे, असा त्यांचा एकूण आशय होता. हे ऐकायला सोपे आहे, पण यात एक मेख आहे. यंत्राच्या बुद्धीचा प्रश्न इथे सुटला नाही, तो फक्त माणसाकडे ढकलला गेला. मग माणसाची बुद्धी म्हणजे काय?

हा प्रश्न शिक्षणक्षेत्राला नवा नाही. १९२१ साली अमेरिकेतील शैक्षणिक मानसशास्त्राच्या एका नियतकालिकाने नामवंत मानसशास्त्रज्ञांना तो विचारला. १४ जणांनी उत्तरे पाठवली. कोणी शिकण्याच्या क्षमतेवर भर दिला, कोणी अमूर्त विचारावर, कोणी नव्या परिस्थितीशी जुळवून घेण्यावर. १९८६ साली रॉबर्ट स्टर्नबर्ग आणि डग्लस डेटरमन यांनी सुमारे दोन डझन तज्ज्ञांना पुन्हा तेच विचारले. मते तेव्हाही विखुरलेलीच होती. मधल्या काळात, १९२३ साली, एडविन बोरिंग यांनी बुद्धिमापन चाचण्या जे मोजतात तीच बुद्धी, असे म्हणून हात मोकळे करून घेतले होते.

असे हात मोकळे करून घेण्याचा धोका शिक्षकांना वेगळा सांगायला नको. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सीमोन यांच्यासह पहिली बुद्धिमापन चाचणी तयार केली, ती कोणत्या मुलांना जादा मदत हवी हे ओळखण्यासाठी. मुलाची बुद्धी म्हणजे कधीच न बदलणारा आकडा, या समजुतीला बिने यांचा विरोध होता. पुढे मात्र तोच आकडा मुलांच्या कपाळी शिक्क्यासारखा बसला. मोजमाप सोपे व्हावे म्हणून व्याख्या आखडली, की तिच्याबाहेर राहणाऱ्याचे नुकसान होते.

आता यंत्रांकडे वळू. २०१७ साली डॅगमार मोनेट आणि कॉलिन लुईस या संशोधकांनी एक सर्वेक्षण हाती घेतले. त्यांनी माणसाच्या आणि यंत्राच्या बुद्धीच्या निवडक व्याख्या अभ्यासकांपुढे ठेवल्या. प्रत्येक व्याख्या कितपत पटते एवढेच सांगून भागणार नव्हते. का पटते किंवा का पटत नाही, हेही लिहायचे होते. अनेक देशांतील पाचशेहून अधिक जणांनी त्यात भाग घेतला. यंत्राच्या बुद्धीसाठी सर्वाधिक पसंती मिळाली ती टेम्पल विद्यापीठातील पेई वांग यांच्या व्याख्येला. तरी ती पसंतीही निम्म्याहून थोड्याच अधिक लोकांची होती.

वांग यांचे म्हणणे थोडक्यात असे: ज्ञान अपुरे, वेळ अपुरा, साधने अपुरी, अशा स्थितीतही परिस्थितीशी जुळवून घेत काम करण्याची माहितीप्रणालीची क्षमता म्हणजे बुद्धी. २०१९ साली त्यांनी ही भूमिका सविस्तर लेखात मांडली. २०२० साली त्याच नियतकालिकाने या लेखावर अनेक अभ्यासकांची टिपणे मागवून विशेष अंक काढला आणि शेवटी वांग यांचे उत्तरही छापले. उदाहरणार्थ, रिचर्ड सटन यांनी मॅकार्थी यांची व्याख्या पुढे केली. तिच्यात भर आहे तो ध्येय गाठण्याच्या क्षमतेवर. वादात कोणी जिंकले नाही. पण कोणाचे कोठे आणि कशामुळे पटत नाही, हे स्वच्छ झाले. सामुदायिक अभ्यासाची ही मोठीच मिळकत आहे.

व्याख्या चांगली की वाईट, हे ठरवायचे कसे? वांग यांनी तत्त्वज्ञ रुडॉल्फ कार्नाप यांच्या चार कसोट्या वापरल्या. एक, व्याख्या शब्दाच्या रूढ अर्थाच्या जवळ असावी. दोन, ती काटेकोर असावी. तीन, तिच्यातून पुढच्या अभ्यासाला वाट मिळावी. चार, ती सोपी असावी.

या कसोट्या लावून पाहू. ‘बुद्धिबळात जगज्जेत्याला हरवणारे यंत्र बुद्धिमान’ ही व्याख्या घ्या. ती काटेकोर आहे, सोपीही आहे. १९९७ च्या मे महिन्यात डीप ब्लू या संगणकाने गॅरी कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले, म्हणजे तो या व्याख्येत बसला. पण बुद्धिबळाखेरीज त्याला काहीच येत नव्हते. इथे शितावरून भाताची परीक्षा होत नाही. उलट, ‘परिस्थितीनुसार वागणे बदलते ती बुद्धी’ असे म्हटले, तर ठरावीक तापमानाला आपोआप बंद होणारी इस्त्रीसुद्धा बुद्धिमान ठरेल!

हा सगळा शब्दांचा खेळ वाटेल, पण तसे नाही. युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचा कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला आणि त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचे मूल्यमापन करणाऱ्या प्रणालींना त्यात जास्त जोखमीच्या गटात घातले आहे. मात्र एखादी प्रणाली कायद्यातल्या व्याख्येतच बसली नाही, तर हे बंधन तिला लागू होत नाही. व्याख्या फार सैल केली, तर साधी आकडेमोडही कायद्याच्या कचाट्यात सापडेल. फार आवळली, तर मुलांचे भवितव्य ठरवणारी प्रणाली त्यातून निसटेल. तेव्हा व्याख्येतला एकेक शब्द म्हणजे कोणाच्या तरी डोक्यावरचे छत्र असते.

हाच अभ्यास लहान प्रमाणात वर्गात करता येतो. त्याला संगणक लागत नाही.

१. ‘बुद्धी म्हणजे काय?’ याचे उत्तर प्रत्येक मुलाला एका वाक्यात, नाव न घालता, चिठ्ठीवर लिहू द्या.

२. फळ्यावर एक यादी लिहा: गणकयंत्र, मुंगी, मधमाशी, पोपट, वर्षाचे बाळ, बुद्धिबळ खेळणारा संगणक, आभाळ पाहून पावसाचा अंदाज बांधणारा शेतकरी.

३. प्रत्येक व्याख्या या यादीला लावून पाहा. कोण आत आले, कोण बाहेर राहिले? नको तो आत आला का? हवा तो बाहेर राहिला का?

४. व्याख्या दुरुस्त करा. प्रत्येक दुरुस्तीचे कारण वहीत लिहा.

५. हुशारी, अक्कल, शहाणपण, चलाखी, पाठांतर या शब्दांत फरक काय, यावरही मुलांना बोलू द्या. आपल्या भाषेने हे फरक आधीच टिपून ठेवले आहेत.

आमची एकच विनंती आहे. शेवटी ‘बरोबर उत्तर’ सांगू नका. कोणती व्याख्या कोठे अडखळते, हे मुलांना शोधता आले की काम झाले. शिवाय एक प्रश्न मुलांपुढे ठेवायला विसरू नका: वर्गातल्या परीक्षेत कमी गुण मिळवणारा, पण बिघडलेली सायकल स्वतः खटपट करून चालू करणारा मुलगा आपल्या व्याख्येत बसतो का? बसत नसेल, तर बदलायचे कोणाला, त्या मुलाला की व्याख्येला?