रोह्याच्या पुढचा रूळ कोणी टाकला?



गेल्या महिन्यात आम्ही रोह्याच्या पुढे, कोलाडच्या अंगाला एका गटाच्या बैठकीला गेलो होतो. बैठक होती एका घराच्या पडवीत आणि रूळ तिथून हाकेच्या अंतरावर. गाडी आली की बोलणं थांबवायचं, गेली की पुन्हा सुरू. हप्त्यांचा हिशेब असा तिसऱ्यांदा तुटला तेव्हा आम्ही जरा वैतागलोच. तेवढ्यात गटातल्या एक आजी हसत म्हणाल्या, "जाऊ दे गो तिला. तिच्या खालची माती मीच टाकलीय."

सगळ्याजणी हसल्या. पण आजी खरंच सांगत होत्या. कोकण रेल्वेचं काम निघालं तेव्हा त्या पस्तिशीच्या आसपास होत्या. दोन वर्षं, भातकापणी झाली की पाऊस पडेपर्यंत, त्या नवऱ्याबरोबर भरावाच्या कामावर जात होत्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, खाली मुरूम भरायचा आणि वर नेऊन ओतायचा. त्यांच्या दोन सुना आणि एक नात त्याच बैठकीत होती. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं.

आम्ही त्या गाडीने कितीदा तरी गेलो आहोत. गणपतीत माणगावला, चिपळूणला, कधी प्रशिक्षणाला रत्नागिरीला. पण हा रस्ता कोणाच्या हातांनी झाला हे आम्हीही कधी विचारलं नव्हतं. म्हणून आज त्याविषयी बोलू या.

पेणच्या मैत्रिणी म्हणतील, आमच्याकडे तर गाडी आधीपासून होती. खरं आहे. मुंबईकडून दिव्याहून पनवेल, तिथून आपटा, पेण, नागोठणे असं करत रूळ रोह्यापर्यंत पोचला तो १९८६ साली. आणि तिथे थांबला. रोह्याच्या पुढे कुंडलिका, मग डोंगर, मग सावित्री, पुन्हा डोंगर, मग वाशिष्ठी. सह्याद्रीतून निघालेली प्रत्येक नदी आडवी समुद्राकडे धावते, आणि रेल्वेला जायचं असतं उभं, उत्तरेकडून दक्षिणेकडे. म्हणजे रूळ टाकायचा तर एक नदी ओलांडा, लगेच एक डोंगर फोडा, की पुढे पुन्हा नदी. त्यात आपला पाऊस. जूनपासून चार महिने माती हातात राहत नाही. कोकणात रेल्वे हवी ही मागणी किती वर्षं होती आणि ती का रखडली, याचं उत्तर या जमिनीतच आहे. पैसा हे दुसरं कारण.

शेवटी १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि कोकणातून निवडून जाणारे मधु दंडवते अर्थमंत्री. ई. श्रीधरन यांच्याकडे महामंडळाची सूत्रं दिली. १५ सप्टेंबर १९९० ला पायाभरणी झाली ती आपल्या रोह्यात. तिथून खाली मंगळुरूपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग. पाच वर्षांत करायचा म्हटला होता, पूर्ण मार्ग सुरू झाला २६ जानेवारी १९९८ ला.

आकडे सांगतो, म्हणजे काम केवढं होतं याचा अंदाज येईल. नव्वदहून जास्त बोगदे, सगळे एकापुढे एक ठेवले तर ऐंशी किलोमीटरच्या वर जातील. लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. तिथलाच पानवल नदीवरचा पूल सुमारे ६४ मीटर उंच, म्हणजे वीस मजली इमारतीएवढा. कामाच्या ऐन भरात एका वेळी तीस हजारांच्या आसपास माणसं कामावर होती.

बोगदा कसा खणतात हे आम्हालाही नीट माहीत नव्हतं. कठीण कातळात एका ओळीत भोकं पाडायची, त्यात सुरुंग भरायचे, सगळ्यांनी बाहेर यायचं आणि स्फोट करायचा. धूर निवळला की आत जाऊन छताला लोंबकळलेले दगड आधी पाडायचे, कारण तेच नंतर डोक्यात पडतात. मग डबर उपसून बाहेर काढायचा. एवढं केल्यावर दोन-तीन मीटर पुढे सरकायचं आणि पुन्हा भोकं पाडायला घ्यायची. लवकर व्हावं म्हणून डोंगराच्या दोन्ही बाजूंनी खणत आणतात आणि मधे गाठ पडते. कातळासाठी भोकं पाडणारी यंत्रं स्वीडनहून आणली होती.

पण यंत्र चालतं ते कातळात. नऊ बोगदे असे निघाले की आत कातळच नाही, पाणी धरलेली मऊ माती. आपल्या शेताच्या बांधाला पावसात हात लावला की जशी ढासळते तशी. तिथे यंत्र नेऊन उपयोग नव्हता. माणसांनी हातांनी थोडं खणायचं, लगेच लोखंडी कमानीचा आधार द्यायचा, सिमेंट मारायचं, आणि एवढं करूनही रात्रीतून सगळं खाली यायचं. गोव्यातला पेडण्याचा बोगदा तर पुन्हा पुन्हा कोसळला आणि त्याच्यासाठी सगळी गाडी अडून राहिली. या मऊ मातीच्या बोगद्यांनीच एकोणीस माणसं घेतली. पूर्ण मार्गावर ७४ जण गेले. त्यांच्या आठवणीसाठी रत्नागिरी स्थानकापाशी स्मारक आहे. कधी गाडी बदलायला तिथे थांबलात तर जाऊन पाहा. आम्ही इतक्या वेळा त्या स्थानकावर उतरलो, पण पहिल्यांदा मुद्दाम गेलो तो आजींच्या त्या बोलण्यानंतर.

जगात अशी कामं इतरही झाली आहेत. अमेरिकेच्या अगदी उत्तरेला अलास्का नावाचं राज्य आहे, वर्षातला बराच काळ बर्फात. तिथल्या उत्तर टोकाला तेल सापडलं आणि ते दक्षिणेच्या बंदरापर्यंत न्यायला सुमारे तेराशे किलोमीटरची पाइपलाइन टाकली. १९७५ ते १९७७ या काळात मुख्य काम झालं. तिथली अडचण आपल्या उलट. जमीन बारमाही गोठलेली असते, आणि तेल गरम. नळ जमिनीत पुरला तर बर्फ वितळून जमीनच खचेल. म्हणून निम्म्याहून जास्त पाइपलाइन खांबांवर उचलून, जमिनीच्या वरून नेली आहे. तीन-चार वर्षांत मिळून तिथे सत्तर हजारांच्या आसपास माणसांनी काम केलं, थंडी अशी की उघडा हात लोखंडाला लागला तर चिकटावा. ३२ जण गेले. बायकाही होत्या, स्वयंपाकघरात होत्या तशा ट्रक चालवायलाही होत्या.

आम्हाला त्यातलं एक फार लक्षात राहिलं. तिथल्या कामगारांच्या संघटना मजबूत होत्या, पगार चांगला होता, आणि प्रत्येकाचं नाव पगारपत्रकावर होतं. बर्फात राबणं सोपं झालं असं नाही, पण आज तिथली एखादी आजी "मी त्या पाइपलाइनवर होते" म्हणाली, तर ते दाखवायला तिच्याकडे कागद असू शकतो.

आता आपल्या आजींकडे येऊ. आम्ही त्यांना विचारलं, मजुरी किती मिळायची? त्या म्हणाल्या, "मला काय ठाऊक? पैसे यांच्या हातात. मुकादमाच्या वहीत यांचं नाव आणि पुढे 'जोडी' लिहिलेलं."

जोडी हा शब्द पेण आणि रोह्याच्या आपल्या कातकरी मैत्रिणींना सांगायला नको. वीटभट्टीवर जाताना पावसाळ्यातच उचल घेतली जाते ती जोडीच्या नावावर. नवरा-बायको मिळून एक जोडी, हिशेब एक, आणि तो पुरुषाच्या नावाने. बाई पहाटेपासून चिखल तुडवते, विटा थापते, वाहते, पोर पाळण्यात टाकून पुन्हा कामाला लागते, आणि वहीत ती नसते. गंमत अशी की याच महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर तेव्हाही बाईचं नाव हजेरीपटावर वेगळं लागत होतं. समान कामाला समान मजुरी हा कायदा १९७६ सालीच झाला होता. म्हणजे जमत नव्हतं असं नाही, ठेकेदाराच्या वहीत कोणी करत नव्हतं एवढंच.

कोकण रेल्वेसाठी सुमारे बेचाळीस हजार लोकांच्या जमिनी घेतल्या. त्या प्रत्येकाचा हिशेब लागला, कारण सातबाऱ्यावर नाव होतं. (त्यात बायकांची नावं किती असतील, हा वेगळा कार्यक्रम होईल.) जे गेले त्यांची नोंद झाली, कारण मृत्यूची नोंद करावीच लागते. जी माणसं वाचली, काम संपल्यावर घमेलं उचलून पुढच्या कामाला गेली, त्यातही ज्या बायका होत्या, त्यांचं नाव कुठे शोधायचं? आजींच्या नवऱ्याचं नाव त्या वहीत होतं, पण वहीही मुकादमाबरोबर गेली. आजींच्या पाठीला तेव्हापासून दुखणं आहे. ते त्या कामामुळे झालं की नाही हे आम्ही सांगू शकत नाही, पण विचारायला जावं असं दारच त्यांच्यासाठी नव्हतं.

बांधकाम मजुरांसाठी देशात स्वतंत्र कायदा झाला तो १९९६ साली, म्हणजे रेल्वे जवळजवळ बांधून होत आली तेव्हा. आपल्या राज्याचे त्याखालचे नियम २००७ साली आले आणि कल्याणकारी मंडळ २०११ साली. बोगद्यातल्या, भरावावरच्या त्या तीस हजारांना त्याचा काही उपयोग झाला नाही.

पण तुमच्यापैकी कितीतरी जणी आज रस्त्याच्या, पुलाच्या, इमारतीच्या कामावर जातात. त्यांच्यासाठी हे मंडळ आहे. वय १८ ते ६० मधलं हवं आणि मागच्या बारा महिन्यांत बांधकामावर किमान ९० दिवस काम केलेलं हवं. तसा दाखला ठेकेदार देतो, नाहीतर ग्रामसेवक किंवा नगरपरिषद देते. नोंदणी झाली की दरवर्षी ती चालू ठेवावी लागते, आणि ही गोष्ट आपल्या बायका विसरतात. नोंदणी असेल तर मुलांच्या शिक्षणाला मदत मिळते, बाळंतपणाला मिळते, कामावर अपघाताने जीव गेला तर वारसांना पाच लाख रुपये मिळतात. नोंदणी बाईच्या स्वतःच्या नावाने होते. नवऱ्याची आहे म्हणून तिची झाली असं नाही.

घोडं अडतं ते ९० दिवसांपाशी. आजींची धाकटी सून गेली दोन वर्षं रस्त्याच्या कामावर जाते, कधी खडी पसरायला, कधी काँक्रीटवर पाणी मारायला. दाखल्यासाठी आम्ही तिच्याबरोबर मुकादमाकडे गेलो. तो म्हणाला, "वहिनी, तुमच्या नवऱ्याचे दिवस आहेत माझ्याकडे. तुमचे वेगळे कुठून आणू?" तीस वर्षांपूर्वी सासूला मिळालं असतं तेच उत्तर. तो माणूस वाईट नव्हता, चहाही पाजला त्याने. त्याच्या वहीत तिच्यासाठी ओळच नव्हती.

मग ग्रामसेवकांकडे गेलो. ते म्हणाले, दाखला देतो, पण कोणत्या कामावर, कोणत्या महिन्यात, किती दिवस, हे मला काहीतरी दाखवा. त्यांचंही बरोबर आहे, सही त्यांची असते. दाखवायला तिच्याकडे काही नव्हतं.

तेव्हापासून त्या गटात एक सुरू केलं आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ज्या दिवशी कामावर गेली त्या तारखेला गोल करायचा, खाली कामाचं ठिकाण लिहायचं. आठवड्याच्या मजुरीच्या दिवशी मुकादमाची सही किंवा अंगठा त्याच पानावर घ्यायचा. त्याने नाही म्हटलं तर बरोबरच्या दोघीजणींची नावं लिहायची. मजुरी शक्यतो बँकेत स्वतःच्या खात्यात मागायची, म्हणजे पासबुकात तारीख उमटते. कामाच्या ठिकाणी मोबाइलवर फोटो काढला तर त्यावरही तारीख राहते. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, पासपोर्टचे फोटो आणि रहिवासाचा पुरावा एका प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवायचा. लिहिता येत नसेल तर गटाच्या सचिवाकडून लिहून घ्या, तिला त्यासाठीच तर निवडली आहे.

मुकादम पहिल्यांदा सही करताना कुरकुरला. तिसऱ्या आठवड्याला त्याने स्वतःहून विचारलं, "कॅलेंडर आणलं का?"

या बैठकीला गेलो तेव्हा धाकट्या सुनेचे ६१ गोल झाले होते. आजींनी ते सगळे बोट ठेवून मोजले, दोनदा. मग त्या म्हणाल्या, माझेही लिहा की, दोन वर्षांचे. आम्ही म्हटलं, आजी, ते आता मंडळाला चालायचे नाहीत. त्या म्हणाल्या, मंडळाला नको, तुमच्या त्या वहीत लिहा. म्हणून गटाच्या इतिवृत्तात, कर्जमंजुरीच्या ठरावाखाली, त्यांचं नाव, गावाचं नाव आणि कोणत्या ओढ्यापासून कोणत्या मोरीपर्यंतचा भराव, एवढं लिहून घेतलं. खाली अकराजणींच्या सह्या आहेत.

तुमच्या गटात अशा कोणी आजी, मावशी असतील, रेल्वेच्या, धरणाच्या, महामार्गाच्या कामावर गेलेल्या, तर पुढच्या बैठकीत त्यांना विचारा आणि लिहून आमच्याकडे पाठवा. आम्ही ते या कार्यक्रमात वाचू. आणि ज्या सध्या कामावर आहेत त्यांनी कॅलेंडर बरोबर घेऊन या, दिवस मोजून देतो.